कोणता गट, हे कॉम्प्युटर ठरवणार

ऑपरेशनचे टाके सुकत आले, पोटावर लावलेल्या मळाच्या पिशवीशी थोडी ओळख झाली आणि मग पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. माझा कॅन्सर गुदाशयाचा, मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या वीतभर भागातला. आधी रेडिएशन आणि सोबत गोळ्या, मग काही आठवडे थांबून ऑपरेशन, अशा क्रमाने सगळं पार पडलं होतं. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत, आजूबाजूच्या लसिकाग्रंथींत रोग नाही, पण आतड्याच्या भिंतीत स्नायूच्या थरापलीकडे थोडा रोग रेडिएशनला पुरून उरलेला सापडला, असं रिपोर्टात होतं. तो आता बरणीत होता, माझ्या पोटात नव्हता. तरी बायकोने ते वाचून रिपोर्टची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि दोन दिवस कुणाला दाखवली नाही.

डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट चांगला आहे, काका."

"म्हणजे आता औषध नको?"

"औषध द्यावं असं आमचं मत आहे. पण एक द्यावं की दोन, हे तुमच्यासारख्या रिपोर्टमध्ये खात्रीने सांगता येत नाही. त्यावरच रुग्णांवर औषधांची एक चाचणी चालू आहे. तुम्ही तिच्यात बसता. घाई नाही, विचार करून सांगा."

मी महाप्याच्या एमआयडीसीत रंगांना लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. बॅच आली की नमुना काढायचा, तपासायचा, रजिस्टरमध्ये चढवायचा आणि मग सही. "माहीत नाही, तपासून सांगतो" हे मी वरिष्ठांना नोकरीभर ऐकवलं आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. तेच डॉक्टरांनी मला ऐकवलं तेव्हा मात्र पोटात गोळा आला. नेरूळला परतताना रिक्षात बायको एवढंच बोलली, "एवढे मोठे डॉक्टर, आणि त्यांनाच माहीत नाही?"

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ओपीडीच्या कागदामागे दोन चौकोन काढले. पहिल्या चौकोनात कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ आणि मग एक आठवडा सुट्टी. दुसऱ्यात त्याच गोळ्या, थोड्या कमी मात्रेत, आणि दर तीन आठवड्यांनी एकदा ऑक्सॅलीप्लॅटिनची सलाईन. एक चौकोन म्हणजे रुग्णांचा एक गट. बस, प्रश्न एवढाच. सलाईन जोडल्याने रोग परत यायचा थांबतो का, आणि थांबत असेल तर त्यासाठी हातापायांच्या नसांची जी किंमत मोजावी लागते ती परवडते का.

दोन्ही औषधं जुनी. ऑक्सॅलीप्लॅटिन जपानमध्ये नागोयाला १९७६ साली तयार झालं. कॅपेसिटाबिन शरीरात गेल्यावर ज्याचं रूप घेतं ते फाइव्ह-एफयू तर १९५७ सालचं. मोठ्या आतड्याच्या वरच्या भागाचा, कोलनचा, कॅन्सर असेल आणि ग्रंथींत रोग असेल तर ही जोडगोळी द्यावी याबद्दल फारसा वाद राहिलेला नाही. २००४ साली एका मोठ्या युरोपीय चाचणीने ते दाखवून दिलं. गुदाशयाचं मात्र घोडं अडलं आहे. इथे ऑपरेशनआधीच रेडिएशन आणि गोळ्या होऊन गेलेल्या असतात, त्यामुळे नंतर दिलेल्या औषधाचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. कोरियात ३२१ रुग्णांवर चाचणी झाली. तीन वर्षांनंतर रोग परत न आलेले, ऑक्सॅलीप्लॅटिनच्या गटात शंभरात जवळपास ७२ आणि नुसत्या फाइव्ह-एफयूच्या गटात ६३. ऐकताना वाटतं, संपला की प्रश्न. पण युरोपात हजाराहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन्ही गट ७६ च्या आसपासच आले, आणि ज्यांना जास्तीचं औषध मिळालं त्यांना त्रास मात्र जास्त झाला. जर्मनीतल्या आणखी एका मोठ्या चाचणीत पुन्हा ७६ विरुद्ध ७१, ऑक्सॅलीप्लॅटिनच्या बाजूने. शिवाय कोरियातला फायदा मुख्यतः ग्रंथींत रोग उरलेल्यांना दिसला होता. माझ्यासारख्या, ग्रंथी स्वच्छ असलेल्यांमध्ये फरक खात्रीचा नव्हता.

हे ऐकल्यावर माझा धीर परत आला. डॉक्टरांना माहीत नाही याचा अर्थ त्यांनी वाचलेलं नाही असा नव्हता. सगळं वाचूनही उत्तर निघत नव्हतं. आमच्याकडे दोन लॅबचे रिपोर्ट जुळले नाहीत की तिसरीकडे नमुना पाठवायचो. इथे तो तिसरा नमुना मी.

मुलगी पुण्याहून आली होती, तिने रात्री बसून आणखी शोधलं. ऑपरेशननंतर औषधांच्या जोड्या लावून बघायचा हा उद्योग आमच्या लग्नाच्याही आधीपासून चालू आहे. १९९० च्या सुमारास फाइव्ह-एफयूच्या जोडीला लेव्हामिसोल द्यायचे. लेव्हामिसोल म्हणजे जंताचं औषध! त्याने प्रतिकारशक्ती वाढते असा समज होता आणि कोलनच्या एका अमेरिकी चाचणीत त्या जोडीने फायदाही दिसला होता. मग गुदाशयासाठी १,६९५ रुग्णांचे चार गट केले: फाइव्ह-एफयू एकटं, त्यासोबत त्याचा जोर वाढवणारं ल्युकोव्होरिन, त्यासोबत लेव्हामिसोल आणि शेवटी तिन्ही एकत्र. रेडिएशन सगळ्यांना. अंतिम निकाल २००२ साली छापून आला. चारही गट सारखेच. म्हणजे कित्येक माणसांनी जास्तीचं औषध आणि जास्तीचे जुलाब सोसले ते शेवटी 'गरज नव्हती' हे कळण्यासाठी. मुलगी म्हणाली, "बाबा, हे वाचून वाईट वाटतं." मला तसं वाटलं नाही. मला आजवर कुणी जंताचं औषध दिलं नाही ते त्या लोकांमुळेच.

घरात मात्र हे सगळं कोण ऐकतोय. साताऱ्याहून मेहुण्याचा फोन आला. "दाजी, सरळ सांगतो. तुमच्यावर प्रयोग करायला लागलेत ते. इंदूरला काय झालं होतं ठाऊक आहे ना? पेपरात आलं होतं सगळं." त्याचं खोटं नव्हतं. इंदूरमधल्या औषध चाचण्यांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं आणि २०१३ नंतर सरकारला नियम आवळावे लागले. आज ज्या नियमांखाली हे काम चालतं ते २०१९ चे. मी त्याला म्हटलं, "तेव्हा लोकांना विचारलं नव्हतं म्हणून बोंब झाली. मला तर इतकं विचारतायत की कंटाळा आला." त्याला पटलं नाही. शेजारचे म्हणाले, परळला टाटाला जा. खारघरला टाटाचंच अ‍ॅक्ट्रेक आहे, इतक्या लांब जायला नको, असा त्यावर दुसऱ्याचा सल्ला. सल्ले देणारे सगळे मनापासून देत होते, ही त्यातली अडचण. झिडकारताही येत नाही.

बायकोची तऱ्हा निराळी. तिचा चाचणीला विरोध नव्हता, तिला दोन औषधांचा गट हवा होता. "मिळत असेल तर दोन्ही घ्या ना. एकाने काय होणार?" जास्त औषध म्हणजे जास्त बरं, हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की डॉक्टरने एकच गोळी लिहून दिली तर माणूस दुसरा डॉक्टर गाठतो. मला गुपचूप पहिला गट हवा होता. सलाईन नको, सुई नको, नसांचा त्रास नको. नवरा-बायकोने एकाच देवाला दोन विरुद्ध नवस बोलावेत तसं आमचं चाललं होतं.

संमतीपत्र मराठीत होतं. जाडजूड, सरकारी मराठीत, पण मराठीत. ते तिथल्या तिथे सही करायला दिलं नाही, घरी नेऊ दिलं, हे मला आवडलं. मी कारखान्यातल्या सवयीने पेन्सिल घेऊन वाचलं. त्यात बऱ्याच गोष्टी होत्या: केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येईल आणि त्याने उपचारांत फरक पडणार नाही, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि वर नियमाप्रमाणे भरपाई, तक्रार असेल तर एथिक्स कमिटीच्या सचिवांचा फोन नंबर. चाचणीचा नोंदणी क्रमांकही होता. सीटीआरआय नावाची सरकारी नोंदणी आहे, २००९ पासून प्रत्येक औषध चाचणी तिथे नोंदवणं सक्तीचं आहे आणि ती यादी कुणालाही मोफत पाहता येते. मुलीने क्रमांक टाकला आणि दोन चौकोन जसेच्या तसे स्क्रीनवर आले. मेहुण्याला मी तोच स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर अंगठा आला, शब्द एकही नाही.

मी परत गेलो ते प्रश्न लिहूनच. रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून एक तरुण मुलगी होती, पुढे सगळा व्यवहार तिच्याशीच झाला. मी विचारलं, पैसा कोणत्या कंपनीचा? कंपनी नाही म्हणाली, दोन्ही औषधांची पेटंटं केव्हाच संपली, त्यावर चाचणी काढून कुणाचा धंदा वाढत नाही. मी विचारलं, मला कोणता गट मिळाला ते मला कळेल ना? लगेच कळेल, लपवून ठेवायची सोयच नाही. ऑक्सॅलीप्लॅटिन घेतलेल्या माणसाने गार पाण्याला हात लावला की त्याला आपोआप कळतं. आणि शेवटचा प्रश्न बायकोचा होता, तो मी तिच्यासमोरच विचारला: डॉक्टरांना गट बदलून देता येईल का? "नाही. डॉक्टरांना नाही, मला नाही, कुणालाच नाही. कॉम्प्युटर ठरवणार. डॉक्टरांनी निवडायचं म्हटलं तर ते धडधाकट दिसणाऱ्याला दोन औषधं देतील आणि अशक्त दिसणाऱ्याला एक, आणि मग दोन औषधांचा गटच जिंकेल." हे मला एका वाक्यात कळलं. आमच्याकडेही नवीन पोरगा नमुना काढताना ड्रमच्या वरचा, दिसायला चांगला माल काढायचा.

मेडिक्लेमवाल्यांचा एक फाटा मध्येच फुटला. "चाचणी" शब्द ऐकताच तिकडच्या माणसाने फोनवर सांगितलं की प्रायोगिक उपचार पॉलिसीत बसत नाहीत. दोन्ही गटांतली औषधं रोजच्या वापरातली आहेत असं डॉक्टरांचं पत्र गेलं, फोनाफोनी झाली आणि मिटलं. पण सही करण्याआधी हे विचारून घेतलेलं बरं.

सही केली. उंची, वजन, रक्त, किडनी-लिव्हर, ईसीजी आणि सीईए, म्हणजे या कॅन्सरची रक्तात दिसणारी खूण. मग कोऑर्डिनेटरने कॉम्प्युटरवर माझी माहिती भरली, बटण दाबलं आणि स्क्रीनकडे बघून म्हणाली, "काका, सलाईनचा गट." बायकोने हात जोडले. माझा चेहरा पडलेला तिने पाहिला असणार, पण बोलली नाही.

पहिल्या सलाईनच्या दिवशी घाबरण्यासारखं काही झालं नाही. आधी उलटी होऊ नये म्हणून इंजेक्शन, मग दोन तास ऑक्सॅलीप्लॅटिन. ते मिठाच्या पाण्यात चालत नाही, ग्लुकोजमध्ये घालतात. नर्सने बाटलीवरचं लेबल दोनदा वाचलं, नाव-वय दोनदा विचारलं. शेवटी शेवटी हात कोपरापर्यंत ठणकायला लागला, तेव्हा गरम पाण्याची पिशवी दिली. खरा हिसका नंतर. बाहेर पडून एनएमएमटीच्या एसी बसमध्ये बसलो, समोरची दांडी धरली आणि बोटांतून करंट गेला. शब्दशः करंट. घरी येऊन माठातलं पाणी प्यालो तर घसा आवळल्यासारखा, श्वास अडकतो की काय असं वाटलं. श्वास अडकत नाही, तसं फक्त वाटतं, हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं. नाहीतर त्या रात्री आम्ही कॅज्युअल्टीत असतो.

मी रोह्याकडचा. मासे बाजारातून स्वतः आणायची सवय. चार-पाच दिवसांनी बरं वाटलं म्हणून दिवाळे गावच्या मासळी बाजारात गेलो. कोळणीने बर्फातली पापलेटं पुढे सरकवली, मी सवयीने गलफड उघडून बघायला हात घातला आणि ओरडलोच. ती दचकली. "काय चावलं का काय, दादा?" त्यानंतर केमो संपेपर्यंत मासे ती निवडायची आणि मी लांबून बोट दाखवायचो. तिने फसवलं नाही हे इथे नोंदवून ठेवतो.

पिशवीचं प्रकरण मात्र मला औषधापेक्षा जड गेलं. आतड्याचा खालचा जोड भरेपर्यंत लहान आतडं पोटावर उघडून ठेवलेलं होतं. कॅपेसिटाबिनने जुलाब होतात, आणि ज्याला आधीच सगळं पातळ पिशवीत येतं त्याला जुलाब झाले हे कळायचं कसं? मोजून. मापाचं भांडं बाथरूममध्ये ठेवलं. दिवसाला दीड लिटरच्या वर गेलं की फोन करायचा, गोळ्या थांबवायच्या की नाही ते हॉस्पिटलातून सांगणार. जुलाब आवरणारी लोपेरामाइडची गोळी, ओआरएस, पेज, केळं. साधं पाणी ढसाढसा प्यालं तर उलट जास्त वाहून जातं, हे मला पिशवीची काळजी शिकवणाऱ्या स्टोमा नर्सने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा डोक्यात शिरलं. पिशवीची चकती त्वचेवर नीट बसली नाही की आग व्हायची ती वेगळीच. बायको हे सगळं कधी शिकली मला कळलं नाही, पण एका टप्प्यावर चकतीचं भोक माझ्यापेक्षा ती सफाईने कापायला लागली.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येतो.

डॉक्टरने "कसं वाटतंय?" विचारलं की आपण काय म्हणतो? "बरं आहे." ताप असो, उलटी असो, बरं आहे. डॉक्टर कामात असतात, बाहेर गर्दी असते, आणि जास्त कुरकुर केली तर औषध बंद करतील ही भीती. चाचणीत हे चालत नाही. माझ्याकडे एक डायरी दिली होती. सकाळची गोळी किती वाजता, जेवणानंतर अर्ध्या तासात घेतली का, संध्याकाळची किती वाजता, उलटी, जुलाब, तोंड येणं, हातापायांना मुंग्या. उरलेल्या गोळ्यांसकट रिकाम्या पट्ट्या परत न्यायच्या, त्या कोऑर्डिनेटर मोजायची. त्याशिवाय प्रश्नावली: चालताना दम लागतो का, झोप लागते का, पिशवीची लाज वाटते का. काही प्रश्न नवरा-बायकोच्या खोलीतले. पहिल्यांदा मी ते रिकामे सोडले. ती म्हणाली, "काका, सक्ती नाही. पण सगळेच काका रिकामे सोडतात, म्हणून डॉक्टरांना वाटतं कुणाला काही त्रासच नाही." पुढच्या वेळी भरले.

दुसऱ्या का तिसऱ्या सायकलला, म्हणजे तीन आठवड्यांच्या फेरीला, कोऑर्डिनेटरने विचारलं, मुंग्या? मी म्हटलं, "आहेत थोड्या. बरं आहे."

"शर्टाची बटणं कोण लावतं?"

मी गप्प. बायको म्हणाली, "मी लावते. पंधरा दिवस झाले."

"मग बरं कसं?"

तिच्याकडे एक तक्ता असतो, जगभर तोच वापरतात. प्रत्येक त्रासाला ग्रेड. नसांच्या बाबतीत एक म्हणजे नुसतं जाणवतं, दोन म्हणजे घरकामात, बाजारहाटात अडतं, तीन म्हणजे स्वतःचं स्वतः करता येत नाही. पाचाचा अर्थ माणूस गेला. पाचाला ग्रेड म्हणायचं ही कल्पना कुठल्या तरी आमच्यासारख्याच क्वालिटीवाल्याची असणार. माझं "बरं आहे" त्या दिवशी दोन निघालं, तिनाकडे झुकलेलं. डॉक्टरांनी लगेच ऑक्सॅलीप्लॅटिनची मात्रा १३० वरून १०० वर आणली. हा आकडा शरीराच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला मिलिग्रॅममध्ये असतो. उंची-वजनावरून हिशोब करतात. मी खोटं बोललो असतो तर माझ्या नसा गेल्या असत्याच, शिवाय कागदावर लिहिलं गेलं असतं की हे औषध भारतीय माणसाला छान सोसतं.

वेटिंगमध्ये एक माथाडी कामगार भेटायचे. मूळचे पाटण तालुक्यातले, राहायला कोपरखैरणे, आयुष्य वाशीच्या मार्केटात गोणी उचलण्यात गेलेलं. ते गोळ्यांच्या गटातले. मी मनात म्हणायचो, नशीबवान आहे, सुई नाही. ते उघड म्हणायचे, "तुम्हाला पावरफुल लागलं, आम्हाला नुसत्या गोळ्या." एकट्या गोळ्या असल्या की मात्रा जास्त असते आणि त्या तळहात-तळपाय सोलून काढतात. त्यांचे हात लालबुंद, भेगाळलेले. युरियाचं क्रीम चोपडून, प्लास्टिकची पिशवी मांडीवर ठेवून बसायचे. एक दिवस म्हणाले, रेशन दुकानात मशीन अंगठा घेईना. बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्या होत्या. हे या गोळीचं जगभर माहीत असलेलं लक्षण आहे, आमच्या डॉक्टरांना नवल वाटलं नाही. दुकानदाराला मात्र पटवता पटवता घरच्यांची दमछाक झाली, शेवटी त्यांच्या बायकोच्या अंगठ्यावर धान्य मिळालं. मी कोऑर्डिनेटरला विचारलं, याला कोणता ग्रेड? तिने तक्ता पाहिला. हातांच्या त्वचेला ग्रेड होता. रेशन न मिळण्याला रकाना नव्हता. तिने शेऱ्यात लिहून ठेवलं.

पुढे माझी बोटं सुधारेनात. सलाईनचे ठरलेले डोस पुरे व्हायच्या आधी डॉक्टरांनी ऑक्सॅलीप्लॅटिन बंद केलं आणि उरलेल्या सायकल नुसत्या गोळ्यांवर काढल्या. मी म्हटलं, "मग मला आता पहिल्या गटात टाका. किंवा काढूनच टाका हिशोबातून. अर्धवट बॅच कशाला मोजता?" माझ्या नोकरीच्या हिशोबाने हे बरोबर होतं. प्रोसेस मध्येच बदलली तर ती बॅच वेगळी ठेवायची, चांगल्या मालात मिसळायची नाही.

डॉक्टर हसले. "तुम्ही सलाईनच्याच गटात राहणार. शेवटपर्यंत. उद्या ही जोडी सगळ्यांना द्यायची ठरली तर काय होईल? काहींना झेपेल, काहींचं मध्येच बंद करावं लागेल. झेपलेल्यांचेच आकडे धरले तर औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसेल. तुमचं बंद झालं, हाही निकालच आहे."

बसमध्ये मी त्यावर बराच विचार केला. नोकरीत आम्ही माल तपासायचो. हे लोक माल तपासत नव्हते, 'हा माल घ्या' हा सल्ला तपासत होते. सल्ला कुणाला झेपला नाही, तेही सल्ल्याच्याच खात्यावर.

केमो संपल्यावर काही आठवड्यांनी पिशवी काढायचं ऑपरेशन झालं. ते छोटं, पण त्यानंतरचे महिने छोटे नव्हते. गुदाशयाचा बराचसा भाग नसलेल्या माणसाला संडासाचं टाइमटेबल नव्याने बसवावं लागतं, आणि त्याबद्दल स्वतंत्र लिहावं इतकं ते आहे. बोटांचं एक विचित्र झालं. औषध थांबल्यावर बधिरपणा कमी व्हायच्या ऐवजी दोन-तीन महिने वाढतच गेला. हेही आधी सांगितलेलं होतं, या औषधाची तशी खोडच आहे. मग हळूहळू हात सुटले, बटणं लावायला लागलो. पाय मागे राहिले.

चाचणीचा निकाल कधी, असं मला सगळे विचारतात, मेहुणाही. ठरलेल्या संख्येइतके रुग्ण मिळायला हवेत आणि त्यातल्या शेवटच्या माणसालाही काही वर्षं नजरेखाली ठेवावं लागतं. रुग्णच न मिळाल्याने बंद पडलेल्याही चाचण्या आहेत. अमेरिकेत याच रोगासाठी ऑपरेशननंतरच्या औषधांत बेव्हॅसिझुमॅब नावाचं आणखी एक औषध जोडून पाहायचं होतं, २,१०० जण हवे होते, आले ३५५. मेहुण्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग तुम्ही दोन-चार जण न्या की गोळा करून." त्याच्या तोंडून हे ऐकायला गंमत वाटली.

सध्या दर तीन महिन्यांनी तपासणी असते. सीईए, डॉक्टरांचा हात पोटावर, वर्षाकाठी सीटी स्कॅन. कोऑर्डिनेटर बदलून दुसरी आली, ती पहिलीपेक्षा कडक. मागच्या खेपेला तिने पायांचा ग्रेड विचारला. मी म्हटलं, एक लिहा, मी बाईक चालवतो.

"मागचा ब्रेक पायाने दाबता ना? दाबला गेला ते पायाला कळतं?"

"खाली बघून दाबतो."

तिने दोन लिहिलं, बाईक बंद म्हणून बायकोकडे बघून सांगितलं आणि पुढची तारीख डायरीत टाकून दिली.